विहारचं पाणी आणि वरळीचा नाला : हेन्री कॉनिबेअरचा अर्धा डाव

जून उजाडला की मुंबईच्या वर्तमानपत्रांत एक चौकट रोज छापून येते. तलावांची नावं, पाण्याची पातळी, उपलब्ध साठा. अप्पर वैतरणा, मोडक सागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार, तुळशी. शेवटच्या दोन नावांवर कुणाची नजर फारशी थांबत नाही, आणि त्यात वावगं काही नाही. सातही तलावांचा मिळून उपयुक्त साठा 14 लाख 47 हजार दशलक्ष लिटर असतो, त्यात विहारचे 27,698 दशलक्ष लिटर म्हणजे जेमतेम 2 टक्के. पण या सातांमध्ये वयानं थोरला तोच. 1860 साली मुंबईला पहिल्यांदा नळाचं पाणी मिळालं ते विहारचं. ते आणणारा माणूस शहराच्या रस्ते-मोऱ्यांच्या डागडुजीसाठी नेमलेला एक तरुण अभियंता होता. त्याचं नाव हेन्री कॉनिबेअर.

मुंबईच्या इतिहासात गव्हर्नरांना पुतळे मिळाले, शेठियांची नावं रस्त्यांना मिळाली. म्युनिसिपालिटीच्या अभियंत्याच्या वाट्याला तसं सहसा काही येत नाही. त्याचं बरंचसं काम जमिनीखाली असतं आणि ते बिघडल्याशिवाय कुणाला आठवत नाही. कॉनिबेअरची कारकीर्द मात्र आजही चाळून पाहण्यासारखी आहे. या शहरानं पाण्याच्या बाबतीत शहाणपण कुठे दाखवलं आणि घोडं कुठे अडवून ठेवलं, हे त्याच्या कामात स्वच्छ दिसतं.

त्याच्या आधीची मुंबई तळ्यांची आणि विहिरींची. धोबी तलाव, गवालिया टँक, दो टाकी, सी. पी. टँक ही नावं आता बसच्या पाट्यांवर उरली आहेत. त्या काळी ती खरोखरच पाण्याची ठिकाणं होती. बहुतेक तळी दानशूर व्यापाऱ्यांनी बांधली होती. फ्रामजी कावसजी बानाजींनी तर मुगभाटातल्या आपल्या विहिरींचं पाणी दाट वस्तीपर्यंत नेण्याची सोय पदरच्या पैशानं केली होती. पण दानावर चालणारा पाणीपुरवठा वस्तीच्या वाढीला पुरा पडत नाही. 1849च्या गणतीत बेटावर 5,66,119 माणसं भरली. गिरण्या अजून यायच्या होत्या, तरी बंदराच्या व्यापारानं शहर ओसंडून चाललं होतं. पावसाळ्यात चार महिने आभाळ फाटायचं, आणि मार्च-एप्रिलमध्ये तळ्यांच्या तळाशी हिरवट गाळ उरायचा. त्याच पाण्यात धुणं, त्यातच गुरं, त्यातूनच पिण्याच्या घागरी. पटकी नेमानं यायची, आणि पाण्यातून शरीरात शिरणारा नारू शहराच्या पाचवीला पुजलेला होता.

1854 साली पावसानं दगा दिला आणि सगळंच उघडं पडलं. गुरं शहराबाहेर हाकलण्यात आली. आसपासच्या मुलखातून होड्यांनी पाणी आणून विहिरींत ओतलं जाऊ लागलं. वर्षभरापूर्वीच सुरू झालेल्या आगगाडीलाही पिंपं वाहायला जुंपलं गेलं. ज्या रेल्वेचं कौतुक आपण शाळेपासून ऐकत आलो, तिला दुसऱ्याच वर्षी पाण्याचा टँकर व्हावं लागलं होतं.

कॉनिबेअर तेव्हा तिशीतला. जन्म 1823चा. वडील विल्यम डॅनियल कॉनिबेअर पाद्री होते आणि इंग्लंडातले नावाजलेले भूवैज्ञानिकही. मेरी ॲनिंगला सापडलेल्या प्लेसिओसॉर या प्राचीन सागरी सरीसृपाचं शास्त्रीय वर्णन जगापुढे मांडलं ते याच वडिलांनी. असा वारसा असलेल्या मुलाच्या नशिबी मुंबईत पद आलं ते ‘सुपरिंटेंडेंट ऑफ रिपेअर्स’चं, कन्झर्व्हन्सी बोर्डाच्या पदरी. शहराची झाडलोट, रस्ते आणि गटारं पाहण्यासाठी हे बोर्ड 1845 साली नेमलं होतं. पोलीस मॅजिस्ट्रेट, कलेक्टर आणि काही गोरे व काही देशी जस्टिस ऑफ द पीस असा त्याचा कारभार. पैसा तुटपुंजा आणि मतं उदंड. आजच्या स्थायी समितीचे हे पूर्वज.

रस्त्यावरचे खड्डे बुजवायला नेमलेल्या माणसानं शहराचा रोग शोधायला घेतला, इथून त्याची खरी कारकीर्द सुरू होते. 1852मध्ये त्यानं मुंबईच्या आरोग्यस्थितीवर आणि गरजांवर एक लांबलचक अहवाल लिहिला. एडविन चॅडविकनं 1842 साली इंग्लंडातल्या कष्टकरी वस्त्यांवर लिहिलेल्या अहवालाची छाया त्यावर होती, आणि त्या दशकातल्या कुठल्याही शहरी अभियंत्यावर ती असणं साहजिकच होतं. घाण का साचते, कुठे साचते आणि तिच्यामुळे माणसं कशी मरतात, याचा हिशेब मांडायचा आणि मग उपाय नळ-मोऱ्यांत शोधायचा, अशी ही विचारपद्धती.

यातली गंमत अशी की या सगळ्यामागचं शास्त्र चुकीचं होतं. रोग दुर्गंधीतून पसरतो, सडक्या पदार्थांतून उठणारी विषारी हवा माणसाला मारते, असं चॅडविक मानायचा आणि त्याच्या पंथातले बहुतेक सगळेच मानायचे. पटकी पाण्यातून पसरते हे दाखवणारा लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाचा नकाशा जॉन स्नोनं मांडला तो 1854 साली, आणि पुढची कित्येक वर्षं त्याच्यावर फारसा कुणी विश्वास ठेवला नाही. पटकीचा जंतू रॉबर्ट कॉखला कलकत्त्याच्या तळ्याच्या पाण्यात सापडायला 1884 उजाडावं लागलं. म्हणजे ज्यांना जंतूंचा पत्ता नव्हता अशा माणसांनी जंतूंपासून वाचवणारी व्यवस्था उभी केली. घाण वासामुळे काढली काय आणि जंतूंमुळे काढली काय, ती निघाल्याशी मतलब. मात्र चुकीच्या शास्त्राचा एक तोटा असतोच. वास येत नाही म्हणजे धोका नाही, असं वाटू लागतं. विहारचं पाणी सुरुवातीला गाळण्याची सोय न करताच शहरात आलं, हे तेव्हा कुणाला फारसं खटकलं नाही.

आता विहारकडे वळू. शहाणपण दिसतं ते इथे.

मुंबई बेटावर मोठा तलाव बांधण्याजोगी जागाच नव्हती. साष्टीतल्या डोंगरांत, शहरापासून सुमारे 14 मैलांवर, मिठी नदीच्या उगमाचं खोरं होतं. त्याकडे आधीच एका लष्करी अभियंत्यानं बोट दाखवलं होतं. कॉनिबेअरनं त्याची मोजणी करून आराखडा बांधला. तिन्ही बाजूंनी डोंगर, मधे खोलगट भांडं, आणि फटी बुजवायला तीन बांध पुरेसे. आज महापालिकेच्या दप्तरात विहारचं पाणलोट क्षेत्र 18.96 चौरस किलोमीटर नोंदलेलं आहे. त्यावर वर्षाला अडीच मीटर पाऊस पडतो असं धरलं तर 47 अब्ज लिटर पाणी बरसतं. त्यातलं काही मुरतं, काही उडून जातं, उरलेलं भांड्यात येतं. शहराला रोज 32 दशलक्ष लिटर द्यायचं म्हटलं तर आजच्या उपयुक्त साठ्यावर दोन वर्षांहून अधिक काळ निभावतं. एखादा पावसाळा कोरडा गेला तरी शहर तहानेनं मरणार नाही, एवढी बेगमी त्यात होती. 1854 अनुभवलेल्या गावाला दुसरं काय हवं होतं?

तलावाचा दुसरा गुण उंचीचा. भरलेल्या विहारचं पाणी शहराच्या सखल भागापेक्षा सुमारे 180 फूट, म्हणजे 55 मीटर उंचावर राहतं. वाफेचं इंजिन नको, कोळसा नको, पंप नको. नळ टाकायचा आणि बाकीचं काम पृथ्वीच्या ओढीवर सोपवायचं. पण ही उंची फुकट मिळाली तरी ती उधळता येत नाही. नळातून पाणी वाहताना नळाच्या भिंतीशी घर्षण होतं आणि मिळालेली उंची वाटेतच खर्ची पडत जाते. किती खर्ची पडते, याचं सूत्र युलिउस वाइसबाख या जर्मन अभ्यासकानं 1845 साली मांडलं, आणि ते आजही अभियांत्रिकीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला शिकवतात.

विहारहून आलेला बिडाचा नळ 32 इंच व्यासाचा होता. त्यातून रोज 32 दशलक्ष लिटर पाणी न्यायचं तर वेग पडतो सेकंदाला सुमारे 0.7 मीटर, म्हणजे माणूस रमतगमत चालतो त्याहूनही कमी. तलावातून निघालेलं पाणी शहरात पोचायला जवळजवळ 9 तास. आतून गुळगुळीत, नव्या नळात एवढ्या अंतरात घर्षणापायी 14 मीटर उंची खर्च होते. 55तले 14 गेले, 41 उरले. म्हणजे शहरात पोचल्यावरही पाण्याला दोन-तीन मजले सहज चढण्याइतका जोर शिल्लक. आता समजा, बोर्डातल्या एखाद्या काटकसरी सभासदानं सुचवलं असतं, की लोखंड महाग, आगबोटीचं भाडं वेगळं, 32 इंचांऐवजी 24 इंची नळ घ्या. व्यास पाऊणपट झाला. मग घर्षण सव्वापट वाढेल का? दीडपट? तसं होत नाही. पाणी तेवढंच न्यायचं असेल तर घर्षणातली तूट व्यासाच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात जाते. म्हणजे तूट चौपटीहून जास्त होते, 14ची सुमारे 60 मीटर. हाताशी आहेत 55. थोडक्यात, 24 इंची नळातून तेवढं पाणी शहरात पोचलंच नसतं. चार पैसे वाचवायला जाऊन अख्खी योजना बुडाली असती. नळाचा व्यास ठरवणं हे दिसायला कारकुनी काम, पण शहराचं भवितव्य त्या एका आकड्यावर तोललेलं असतं.

काम जानेवारी 1856मध्ये सुरू झालं, लॉर्ड एल्फिन्स्टनच्या गव्हर्नरीत. बांध मातीचे, सर्वांत मोठा 80 फुटांहून उंच. मातीचं धरण म्हणजे मातीचा ढीग नव्हे. साधी माती पाणी पाझरू देते, म्हणून बांधाच्या पोटात वरपासून खालपर्यंत चिकणमातीची उभी भिंत घालायची असते. ही माती भिजवून, गणपतीसाठी शाडू मळतात तशी तुडवून, थरावर थर चढवायची. तुडवायचं अशासाठी, की मातीच्या कणांमधली हवा निघून गेली की पाण्याला वाट उरत नाही. ही भिंत खाली पक्क्या खडकापर्यंत नेली नाही तर पाणी तिच्या तळातून वाट काढतं, आणि एकदा का माती पाण्याबरोबर वाहू लागली की बांध आतून पोखरला जातो. ही भीती कागदावरची नव्हती. कॉनिबेअरनं अहवाल लिहिला त्याच वर्षी, फेब्रुवारी 1852मध्ये, इंग्लंडातल्या होमफर्थजवळचं बिलबेरी धरण फुटून 81 माणसं गेली होती. तेही मातीचंच होतं. विहारचे बांध तुडवणारी माणसं इथलीच, हजारोंनी राबलेली, ऊन-पाऊस आणि हिवताप सोसलेली. त्यांची नावं कुठल्याही कागदात नाहीत. बांध मात्र पुढच्या मजबुतीकरणासह आजही उभे आहेत.

आणखी एक बारकावा मला फार आवडतो. तलावातून पाणी घेण्यासाठी कॉनिबेअरनं पाण्यात एक मनोरा उभारला आणि त्याला वेगवेगळ्या उंचीवर तोंडं ठेवली. तळाशी गाळ असतो आणि सडलेला पालापाचोळा. अगदी वर तरंगणारा कचरा. पातळी जसजशी उतरेल तसतसं खालचं तोंड उघडायचं आणि नेहमी पृष्ठभागाजवळचं स्वच्छ पाणी घ्यायचं. तोंडावर तांब्याच्या बारीक तारेची जाळी. शुद्धीकरण म्हणाल तर तेवढंच. पण विहिरीत घागर बुडवण्याच्या काळात पाणी कुठल्या थरातून घ्यावं, एवढा विचार कुणीतरी केला होता.

1858मध्ये कॉनिबेअरचा या कामावरचा निबंध लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सपुढे वाचला गेला. मजा म्हणजे त्याच वर्षी, जानेवारीत, कुलाब्यातल्या एका चर्चचंही उद्घाटन झालं होतं, आणि त्याचा आराखडाही याच माणसाचा. पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ बांधलेलं हे अफगाण चर्च. विलायतेहून जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटसारख्या बड्या वास्तुविशारदाचे नकाशे आले होते, ते खर्चिक ठरले. मग गावातल्याच अभियंत्याला सांगितलं. त्यानं उंच टोकदार कमानींची गॉथिक इमारत उभी केली. तिचा मनोरा पुढे 1865 साली दुसऱ्यानं पुरा केला, आणि बंदरात येणाऱ्या जहाजांना तो लांबून दिसायचा. आजही दक्षिण मुंबईत वारसा-फेरी काढणारे लोक कॉनिबेअरचं नाव घेतात ते या चर्चपाशी, विहारपाशी नव्हे. माझ्या लेखी विहारचे बांध हीच त्याची थोर इमारत.

पाणी आलं आणि शहर हरखलं. पण हिशेब लगेच फिरला. 1849च्या लोकसंख्येला 32 दशलक्ष लिटर वाटले तर माणशी रोज 56 लिटर येतात. 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस बंद झाला, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि गावोगावची माणसं इथे लोटली. 1864च्या गणतीत 8,16,562 डोकी भरली. वाटा 39 लिटरवर आला. आलेलं पाणी चार वर्षांत अपुरं पडलं, यात अभियंत्याचा दोष काढणं अन्यायाचं होईल. अमेरिकेतल्या लढाईचा अंदाज धरणाच्या आराखड्यात धरता येत नाही. पुढे 1879ला तुळशी आला, 1892ला तानसा. प्रत्येक वेळी शहरानं आणखी लांब हात पोचवला. आपल्या हद्दीबाहेरचं खोरं आपलं म्हणायची सवय विहारपासून लागली, आणि ती इतकी मुरली की आज मुंबईला पाणी देणाऱ्या शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरनं पाणी जातं, याचं आपल्याला काही वाटेनासं झालं आहे.

खरा घोटाळा मात्र दुसराच होता. आलेलं पाणी जायचं कुठे?

चॅडविकच्या पंथाची शिकवण अशी, की पाण्याचे नळ आणि सांडपाण्याच्या मोऱ्या ही एकाच व्यवस्थेची दोन अंगं आहेत. एक बांधून दुसरं न बांधणं म्हणजे काहीच न बांधण्यापेक्षा वाईट. कॉनिबेअरला हे ठाऊक होतं. त्याच्या 1852च्या अहवालात शहराच्या मोऱ्यांची कहाणी पाण्याइतकीच ठळक आहे. शहरातला मैला हलालखोर जमातीची माणसं टोपल्यांतून वाहायची. त्यांच्या श्रमावर पुढे म्युनिसिपालिटीनं वेगळा ‘हलालखोर कर’ बसवला, म्हणजे माणसानं माणसाचा मैला वाहणं ही रीतसर नगरव्यवस्था ठरली. उरलेलं सारं उघड्या गटारांतून, आणि तिथून सखल मैदानातून वरळीला समुद्राकडे उघडणाऱ्या दारांपर्यंत जाणाऱ्या मोठ्या नाल्यात. उन्हाळ्यात तो वाहायचा कमी आणि कुजायचा जास्त. यात रोज 32 दशलक्ष लिटर पाणी नव्यानं सोडा, म्हणजे काय होईल ते सांगायला अभियंता लागत नाही. जमीन भिजत राहिली, अंगणं दलदलली, कच्च्या मोऱ्यांतून झिरपलेलं पाणी विहिरींत उतरलं.

मग मोऱ्या का झाल्या नाहीत? त्याची एक बाजू निव्वळ भौतिकीची आहे. पाणी आणताना 55 मीटरची उंची निसर्गानं आंदण दिली होती. मैला नेताना ती शून्य. सांडपाण्याच्या नळात गाळ बसू नये तर प्रवाहाला सेकंदाला साधारण 0.6 मीटरचा वेग हवा, आणि वेग हवा तर उतार हवा. हजाराला एक एवढा किरकोळ उतार धरला तरी 5 किलोमीटरच्या मोरीचं दुसरं टोक 5 मीटर खाली जातं. मुंबईचा मधला भाग मुळात समुद्र हटवून मिळवलेला. हॉर्नबीच्या बांधानं अठराव्या शतकात वरळीची खिंड बुजवली, म्हणून तिथे जमीन दिसू लागली. मोठ्या भरतीला समुद्र या जमिनीपेक्षा वर असतो. अशा वेळी मोरीचं दार उघडलं तर सांडपाणी बाहेर जाण्याऐवजी समुद्र आत येतो. म्हणून भरतीला दार बंद, ओहोटीला उघडं, आणि मधल्या काही तासांत सगळं शहराच्या पोटात तुंबलेलं. यातून सुटायचं तर पंप हवेत, म्हणजे इंजिन, कोळसा आणि न संपणारा खर्च. हिंदमातासारख्या सखल भागात आजही पाणी का तुंबतं आणि पालिका साडेचार मीटरच्या भरतीचे इशारे का देते, याचं उत्तर याच परिच्छेदात आहे.

दुसरी बाजू पैशाची. नळाच्या पाण्यावर पट्टी बसवता येते. पाणी ही विकता येणारी वस्तू आहे. मैला दूर नेण्याचे पैसे माणूस खळखळ करत देतो, कारण तो शेजाऱ्याच्या दारात गेला तरी त्याचं काम भागलेलं असतं. त्यामुळे करदात्यांच्या प्रतिनिधींनी नळाला मान डोलावली आणि मोऱ्यांचे आराखडे बासनात गेले. सांडपाणी बंदराच्या बाजूला सोडावं की वरळीच्या, यावर कॉनिबेअरनंतर दशकानुदशकं खल चालला. हेक्टर टुलॉकसारख्या कार्यकारी अभियंत्यानं 1872 साली जाडजूड अहवाल लिहिला. समित्या बसल्या, तज्ज्ञ आले. त्याच काळात लंडनमध्ये जोसेफ बॅझलगेटनं मोऱ्यांचं जाळं विणून 1865 साली क्रॉसनेसचे पंप सुरूही केले होते. 1858च्या उन्हाळ्यात थेम्सची दुर्गंधी थेट पार्लमेंटच्या खिडक्यांत शिरली होती, त्यामुळे तिथे पैसा झटपट मंजूर झाला. आपल्याकडची दुर्गंधी भुलेश्वर-कामाठीपुऱ्यात होती, मलबार हिलवर नव्हती. मला वाटतं, मोऱ्या रखडण्यात भरती-ओहोटीपेक्षा या फरकाचा वाटा मोठा होता.

कॉनिबेअर या वादांच्या अखेरीपर्यंत थांबला नाही. तो मायदेशी गेला. वेल्समधल्या एका रेल्वेसाठी केवन कोएड इथला 15 कमानींचा वळणदार पूल 1866मध्ये उभा राहिला, त्यात त्याचा हात होता. लष्करी अभियंत्यांच्या चॅटम इथल्या शाळेत त्यानं व्याख्यानं दिली आणि उतारवयात दक्षिण अमेरिकेत, व्हेनेझुएलातल्या काराकासला जाऊन राहिला. मुंबई, वेल्स, काराकास अशी ही भ्रमंती. त्या काळच्या स्थापत्य अभियंत्याला साम्राज्य हेच कामाचं आवार होतं. त्यातून आलेला एक दोष त्याच्या पिढीत उघड दिसतो. शहर त्यांना नकाशावर नेमकं दिसायचं. त्यात राहणाऱ्यांना विचारण्याची त्यांना गरज वाटत नसे.

नळ आले तरी विहिरी सुटल्या नाहीत, हे त्यातलंच. विहिरींशी श्रद्धा जोडलेल्या होत्या, आणि घरच्या विहिरीला पाणीपट्टी लागत नव्हती. पुढे चार्ल्स बेंटली या डॉक्टरनं 1911 साली मुंबईच्या हिवतापावर अहवाल दिला. शहरातला हिवताप पसरवणारा ॲनॉफिलिस स्टिफेन्सी हा डास दलदलीत नव्हे, तर घराघरांतल्या विहिरींत आणि टाक्यांत वाढतो, असं त्यातून पुढे आलं. मग विहिरी बुजवण्याची आणि झाकण्याची मोहीम निघाली. लोक चिडले, भांडले. चर्चगेटजवळची पारशांची भिखा बेहराम विहीर त्या लाटेतूनही टिकली. पाणी चोवीस तास आलं असतं तर टाक्या लागल्या नसत्या; ते ठरावीक वेळीच येतं, म्हणून प्रत्येक गच्चीवर टाकी, आणि म्हणून पालिकेचा कीटकनाशक खात्याचा माणूस आजही शिडी लावून झाकणं तपासतो.

विहारच्या बांधाखाली मिठी नदी अजून आहे. विहार आणि पवईचा सांडवा वाहू लागला की ते पाणी मिठीत उतरतं आणि सुमारे 18 किलोमीटर वाहून माहीमच्या खाडीला मिळतं. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा या नदीचं अस्तित्व मुंबईला नव्यानं कळलं. तोवर ती नाला म्हणूनच ओळखली जात होती.

विहारमधून सध्या रोज सुमारे 90 दशलक्ष लिटर पाणी घेतलं जातं. सगळ्या तलावांचं मिळून 3,800 दशलक्ष लिटरहून अधिक. म्हणजे कॉनिबेअरच्या पहिल्या नळाच्या सुमारे 120 पट. पाणी आणण्याचं काम शहरानं नेटानं केलं, हे कुणीही मान्य करील. जाणाऱ्या पाण्याची गोष्ट वेगळी आहे. वरळी आणि वांद्र्याच्या पातमुखांतून ते समुद्रात किनाऱ्यापासून साडेतीन किलोमीटरच्या आसपास आत सोडलं जातं, आणि त्यावर नीट प्रक्रिया करणारी यंत्रणा आत्ता कुठे बांधायला घेतली आहे. वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, घाटकोपर आणि भांडुप या सात मलजल प्रक्रिया केंद्रांची मिळून क्षमता रोज 2,464 दशलक्ष लिटर असणार आहे. त्यांचं भूमिपूजन झालं जानेवारी 2023मध्ये, कॉनिबेअरच्या अहवालानंतर 171 वर्षांनी.